गाव मोठं झालं, सभा गेली

तालुक्याच्या गावात ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत येते तेव्हा आधी बदलते ती कमानीवरची पाटी. सरपंचांच्या खुर्चीत काही महिने प्रशासक म्हणून बहुधा तहसीलदार बसतात, ग्रामसेवक दुसऱ्या गावी जातो, मुख्याधिकारी रुजू होतो. घरपट्टीच्या बिलावर वृक्षकर, शिक्षण कर, दुकान असेल तर रोजगार हमी कर अशा ओळी वाढतात. पूर्वी सरपंचांच्या कानावर घालून चढवलेली माडी आता नकाशा, आर्किटेक्ट आणि विकास शुल्क मागते. घरकुलाची यादी ग्रामीणमधून शहरीत जाते, केंद्राच्या रोजगार हमीचं जॉबकार्ड बाद होतं. ही सगळी झळ खिशाला लागते, म्हणून लगेच कळते. एक गोष्ट मात्र गुपचूप जाते. 15 ऑगस्टला झेंडावंदन होतं, जिलबी वाटली जाते आणि लोक घरी जातात. त्यानंतर शाळेच्या पटांगणात जी ग्रामसभा भरायची, ती भरत नाही. कायद्याने तिची गरज उरलेली नसते.

2014-15च्या सुमारास राज्यातल्या तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती मोठ्या संख्येने नगरपंचायती झाल्या. पारनेर, अकोले, कुडाळ, वैभववाडी ही त्यातली काही गावं. त्या वेळी वाद झाले ते घरपट्टी वाढेल का, शेतजमिनीवर आरक्षण पडेल का, ग्रामपंचायतीच्या जुन्या कर्मचाऱ्यांना सामावून घेणार का, यावर. वाद रास्तच होते. समावेशनासाठी शिपाई आणि पाणीसोडे वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, हे तर उघड आहे. पण ग्रामसभेच्या जागी काय येणार, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. आजही तो उभाच आहे. माझं म्हणणं असं की नगरपंचायतीच्या प्रत्येक प्रभागात ग्रामसभेच्या तोडीची, अधिकार असलेली प्रभागसभा सक्तीची झाली पाहिजे. आणि तिच्या हाती निदान एक तरी असा कागद हवा, जो नसेल तर ठेकेदाराचं बिल निघणार नाही.

ग्रामसभेला कायद्याने काय दिलं होतं ते आधी पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल ती. त्याआधी महिलांची वेगळी सभा. सबळ कारण नसताना सरपंचाने ग्रामसभा घेतली नाही, तर त्याचं पद जाऊ शकतं. विकासकामांचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो, लाभार्थ्यांची निवड तिथे होते, जमाखर्च तिथे वाचून दाखवावा लागतो. वाचणारा कितीही भरभर वाचो, ‘थांबा, तो हातपंप दुरुस्तीचा आकडा परत वाचा’ असं म्हणायचा हक्क मागच्या रांगेतल्या माणसालाही होता.

गावांसाठीची 73वी आणि शहरांसाठीची 74वी घटनादुरुस्ती या जुळ्या बहिणी. दोन्ही 1992च्या, दोन्ही 1993मध्ये लागू झाल्या. पण 73वीने ग्रामसभेला राज्यघटनेत जागा दिली आणि 74वीने शहरातल्या लोकांना सभा दिली नाही, समिती दिली. अनुच्छेद 243-एस प्रमाणे प्रभाग समित्या सक्तीच्या आहेत, पण 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांतच. म्हणजे 900 वस्तीच्या गावाला सभा आहे, 3 लाखांच्या शहराला समिती आहे आणि मधल्या 15 हजारांच्या तालुक्याच्या गावाला दोन्ही नाही. खुद्द घटनेनेच नगरपंचायत ही ग्रामीण भागातून शहरी भागात संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी म्हटली आहे. या संक्रमणात नेमकी लोकांचीच खुर्ची पळवली गेली.

सतरा या आकड्याची गंमत आहे. 7,500च्या वर लोकसंख्या असलेल्या ग्रामपंचायतीत सदस्य 17. नगरपंचायतीत नगरसेवकही 17. सरपंच थेट जनतेतून, नगराध्यक्षही आता थेट जनतेतून. म्हणजे 15 हजारांच्या गावात पाटी बदलण्याआधी जेवढे लोकप्रतिनिधी होते, बदलल्यावरही साधारण तेवढेच. वजा झाली ती फक्त सगळ्या मतदारांची सभा. 15 हजारांना 17ने भागलं तर एका प्रभागात सुमारे 880 माणसं, त्यातले मतदार सहाशेच्या आसपास. तेवढ्याच वस्तीचं डोंगरातलं एखादं खेडं वर्षातून चार सभा घेतं, आणि बसस्टँडच्या मागचा प्रभाग क्रमांक 9 एकही घेत नाही. ‘शहरात सभा कशी भरवणार, लोक मावणार कुठे’ असं विचारणाऱ्याने हा भागाकार करून पाहावा. सहाशे मतदारांतले शंभर माणूस मारुतीच्या पारावर मावतात.

आता यावर उत्तर येतं की नगरसेवक आहेत ना, सर्वसाधारण सभा आहे ना. आहेत. सर्वसाधारण सभा नागरिकांना बसून पाहता येते, अध्यक्षांनी कारण देऊन मनाई केली नाही तर. पण तिथे बोलता येत नाही. आणि तिथे जो कागद येतो तो कसा असतो? ‘विषय क्र. 14 : प्रभाग क्र. 9 मध्ये अंतर्गत रस्ता काँक्रिटीकरण करणे, अंदाजपत्रकास मान्यता देणे.’ कुठून कुठपर्यंत, किती रुंद, किती जाड, खालची जलवाहिनी बदलणार की नाही, यातलं काही नाही. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.

हाच रस्ता जरा जवळून पाहू, कारण छोट्या गावातला पैसा सगळ्यात जास्त मुरतो तो गल्लीच्या काँक्रिटमध्ये. गल्ली 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद. अंदाजपत्रकात स्लॅब 15 सेंटिमीटर जाड. म्हणजे 45 घनमीटर काँक्रिट. एम-20 दर्जाचं, 1:1.5:3 प्रमाणाचं काँक्रिट धरलं तर घनमीटरला साधारण 8 पोती सिमेंट, एकूण 360 पोती. प्रत्यक्षात जाडी 10 सेंटिमीटर भरली तर काँक्रिट 30 घनमीटर आणि पोती 240. फरक 120 पोत्यांचा, शिवाय त्यांच्यासोबतची खडी-वाळू. ही चोरी पकडायला इंजिनियर लागत नाही. काँक्रिट ओतण्याच्या आधी दोन्ही कडांना साचा म्हणून लावलेल्या लोखंडी चॅनेलची उंची टेपने मोजली आणि मधे दोरी ताणून खालच्या थरापासून अंतर पाहिलं की झालं. काँक्रिट ओतून वरून ब्रश फिरला की मग मात्र कोअर, म्हणजे काँक्रिटला भोक पाडून नमुना, काढावा लागतो, आणि कोअर कटर आणायला पत्रव्यवहार.

पण माझ्या मते जाडीपेक्षा मोठा घोटाळा उंचीचा आहे, आणि त्यात कुणाच्या खिशात काही जात असेलच असं नाही. निव्वळ आळस आणि घाई असते. जुना रस्ता उकरून, मुरूम दाबून, त्यावर खालचा थर घालून मग स्लॅब टाकायचा, हा क्रम. उकरायचा म्हटलं की जेसीबी, ट्रॅक्टर, माती टाकायला जागा आणि खाली लपलेल्या नळाच्या पाइपांची भीती. म्हणून जुन्यावरच नवं ओततात. दर खेपेला रस्ता 15 ते 20 सेंटिमीटर वर येतो. दोन निवडणुकांत तो घराच्या जोत्याला लागतो. मग मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला पाणी उंबऱ्यावरून आत. लोक दारात विटांचा बांध घालतात, पाणी शेजाऱ्याकडे वळतं, भांडण पोलिसांत जातं. तीन मीटरच्या गल्लीला दोन टक्के आडवा उतार म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फक्त 6 सेंटिमीटर. गटाराला दोनशेस एक उतार म्हणजे शंभर मीटरला अर्धा मीटर. हे आकडे गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने दहा मिनिटांत तपासता येतात. पण तपासायला कुणी सांगायचं? गल्लीतल्या माणसाला विचाराल तर काम सुरू होण्याआधीच तो सांगेल की पाणी कुठून येतं आणि कोणाच्या घरात शिरतं. त्याला विचारण्याची पायरीच प्रक्रियेत नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक. या सात पायऱ्यांत गल्ली कुठेच येत नाही.

क्रमाचं तेच. आधी जलवाहिनी, मग गटार, मग खांब आणि केबल, शेवटी रस्ता, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी उलटं होतं, कारण पैसे वेगवेगळ्या पिशव्यांतून येतात. रस्ता नगरोत्थान किंवा वैशिष्ट्यपूर्ण योजना अशा राज्याच्या निधीतून मंजूर झालेला, पाइपलाइन दुसऱ्या योजनेतली आणि अजून तांत्रिक मान्यतेत अडकलेली. 31 मार्च जवळ आला की आलेला निधी परत जाऊ नये म्हणून रस्ता आधी. जूनमध्ये पाइपलाइनवाला येतो आणि नवं काँक्रिट कटरने चिरतो. चर बुजवताना माती दाबत नाहीत, वर चार इंच मसाला थापतात, दिवाळीपर्यंत तो पट्टा खचतो. निधी परत जाण्याची भीती खरी आहे, मुख्याधिकाऱ्यांना त्यावरून वरून बोलणी बसतात. पण ‘ही गल्ली यंदा नको, पाइपलाइन झाल्यावर द्या, त्या पैशात पलीकडची गल्ली घ्या’ असं प्रभागानेच लिहून दिलं तर तोच निधी त्याच वर्षी खर्च होतो आणि चिरफाडही वाचते. आज हे लिहून देणारं अधिकृत तोंडच प्रभागाला नाही. एकट्या नगरसेवकाने तसं लिहिलं तर ‘आमचा रस्ता घालवला’ म्हणून पुढच्या वेळी तोच पडतो.

पाण्याचं गणित लोकांसमोर मांडलं जात नाही, हे दुसरं. 15 हजार माणसांना माणशी 100 लिटर म्हणजे दिवसाला 15 लाख लिटर. विहिरीपासून किंवा बंधाऱ्यापासून टाकीपर्यंत एकूण 60 मीटर चढवायचं धरलं, आणि पंप-मोटारीची मिळून कार्यक्षमता 60 टक्के, तर रोज सुमारे 410 युनिट वीज लागते. महिन्याला 12,300. युनिटला 7 रुपये धरले तरी 86 हजार रुपये. तीन हंड्यांतला एक गळतीत जात असेल तर त्यातले सुमारे 29 हजार रुपये दरमहा मातीत. त्याच गावात 3,000 नळजोडण्या आणि महिना 150 रुपये पाणीपट्टी असेल तर मागणी साडेचार लाखांची; वसुली निम्मी झाली तर सव्वादोन लाख हातात. त्यातून वीज, तुरटी, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (क्लोरिनची) पावडर, पाणीसोड्यांचे पगार आणि जळालेल्या मोटारीचं रिवाइंडिंग. आकडे गावागावाला बदलतील, मांडणी हीच राहील. हा कागद प्रभागात फळ्यावर लिहिला तर पाणीपट्टी वाढवायची की आधी गळती काढायची, यावर शहाणपणाची चर्चा होऊ शकते. आज काय होतं? थकबाकीमुळे पाणीपुरवठ्याची वीज तुटते, चार दिवस टँकर फिरतात, हंडा मोर्चा निघतो, हप्ता भरून वीज जोडली जाते. गळती तिथेच.

टीसीएलचंही सांगायला हवं. पोतं ओलसर खोलीत तोंड उघडं ठेवून पडलं की त्यातला क्लोरिन उडतो आणि मोजून टाकलेली पावडरही फुकट जाते. पाण्यात औषध पोचलं का, हे टाकीजवळ तपासून कळत नाही. ते शेवटच्या टोकाच्या नळावर कळतं. तिथे ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरिनच्या तपासणीला, पिवळा रंग यायला हवा, लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला हवा. गावात गॅस्ट्रोची साथ आली की आरोग्य विभागाची माणसं हेच पाहतात. महिन्यातून एकदा प्रभागातल्या शेवटच्या नळावर चार बायांदेखत ही टेस्ट करायला फारसा खर्च नाही.

‘ग्रामसभेचे गोडवे गाऊ नका, आम्ही ग्रामसभा पाहिल्या आहेत’ हा आक्षेप मात्र दमदार आहे. तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून दहा जणांत विषय उरकायचे, ही जुनी युक्ती. हजेरीचं रजिस्टर नंतर घरोघरी फिरवून सह्या-अंगठे घ्यायचे, ही दुसरी. इतिवृत्तात सभेत न झालेला ठराव घुसडायचा, ही तिसरी. दोन गटांची हमरीतुमरी आणि पुढच्या रांगेत चार मिशा हे तर नेहमीचंच. महिला सभा कागदावर होते. वस्तीवरचा माणूस पाटलाच्या वाड्यासमोर बोलत नाही.

सगळं मान्य. पण यातला एकेक दोष नीट पाहिला तर तो सभेच्या आकाराशी आणि कागदपत्राशी जोडलेला आहे. पाच हजार मतदारांची एक सभा असली की गर्दी गटाची होते आणि गणपूर्ती शंभरावर भागते, म्हणजे दोन टक्क्यांवर. सहाशे मतदारांच्या प्रभागात गणपूर्ती 60 ठेवली, त्यात निदान 20 बायका अशी अट घातली, तर सभा एका गटाच्या हातात सहज जात नाही. तहकूब सभेलाही निम्मी गणपूर्ती लावा. ठराव सभा संपण्यापूर्वी मोठ्याने वाचून, तिथेच सह्या घेऊन, पानाचा फोटो प्रभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. मग घुसडायला जागा राहत नाही. जातीचा आणि दबावाचा दोष यानेही जाणार नाही. प्रभागात एकच मोठं घराणं असेल तर सभा त्याचीच होईल. आणि भाडेकरूंचं काय? एमआयडीसीत कामाला आलेले, मतदारयादीत नाव नसलेले, पण तेच गटार ओलांडून जाणारे लोक. त्यांना बोलता यावं, मत मतदारांनी द्यावं, एवढीच तोड मला दिसते. ती अपुरी आहे.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा. मुख्याधिकाऱ्यांकडे आधीच दोन गावांचा कारभार, एकच अभियंता, तोही अतिरिक्त कार्यभारावर. वर्षाला 17 प्रभाग गुणिले चार म्हणजे 68 सभांना कोण जाणार? हिशेब करू. चार सभांऐवजी दोन घ्या: एक नोव्हेंबरमध्ये, अर्थसंकल्पाआधी, कामं सुचवायला, दुसरी मे महिन्यात, झालेली कामं पाहायला. चौतीस सभा झाल्या. एका संध्याकाळी लागून असलेले दोन प्रभाग, पाच ते साडेसहा आणि सात ते साडेआठ. सतरा-अठरा संध्याकाळी. वर्षात सतरा-अठरा संध्याकाळी अभियंत्याला गावात थांबता येत नसेल तर मग प्रश्न सभेचा नाही, पदभरतीचा आहे. त्यासाठी वेगळा मोर्चा काढावा.

केरळने हे कायद्यातच केलं आहे. तिथल्या 1994च्या नगरपालिका कायद्यात 1 लाखापर्यंत वस्तीच्या शहरांत वॉर्डसभा आहेत, त्याहून मोठ्या शहरांत वॉर्ड समित्या. आपल्याकडे महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची कलमं आहेत. ती भरवा म्हणून पुण्यासारख्या शहरात नागरिकांना पाठपुरावा करत बसावं लागतं. कारण साधं आहे. क्षेत्रसभा सुचवू शकते, अडवू शकत नाही. ज्या सभेच्या सहीवाचून कुणाचं काही अडत नाही, ती सभा घेण्याची घाई कुणाला असेल? गोव्यात रविवारी भरणाऱ्या ग्रामसभा गाजतात, कारण तिथे प्रकल्पाच्या ना-हरकतीवरून खरोखर काहीतरी पणाला लागलेलं असतं.

म्हणून मी सुरुवातीला म्हटलं तो एक कागद. प्रभागसभेला अधिकारांची लांबलचक यादी द्यायची गरज नाही. ‘काम पाहिल्याचा दाखला’ द्यायचा अधिकार पुरे. प्रभागातल्या कोणत्याही रस्ता, गटार, पाइपलाइन, पथदिवे, शौचालय, बगीचा या कामाचं अंतिम देयक काढण्यापूर्वी त्या फाइलला प्रभागसभेने निवडलेल्या पाच जणांचा एक पानाचा दाखला जोडलेला असावा. पानावर फक्त मोजता येण्याजोग्या गोष्टी: लांबी, रुंदी, चॅनेलची उंची, सांधे किती अंतरावर कापले, पाणी किती दिवस मारलं (काँक्रिटला 14 दिवस आळी करून पाणी उभं ठेवायला हवं, तीन दिवसांत गोणपाट वाळतं), पाऊस पडल्यावर पाणी साचतं का, कुणाच्या जोत्याला लागतं का. ‘काम समाधानकारक आहे’ असली वाक्यं नकोत. समाधान ठेकेदार चहावर विकत घेऊ शकतो, लांबी विकत घेता येत नाही. दाखला 15 दिवसांत दिला नाही तर तो दिला असं समजावं, म्हणजे बिल अडवून वसुली करणारी नवी टोळी तयार होणार नाही. हा धोका मी हलका मानत नाही. पाच जणांत नगरसेवकाचा भाऊ आणि पडलेल्या उमेदवाराचा मेहुणा येणारच. म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पाच जण निवडावेत, एकाला लागोपाठ दोनदा नाही. आणि त्यांना मजकूर बदलायची मुभा नको, फक्त आकडे भरायची.

घरपट्टीच्या फेरआकारणीत या सभेचा आणखी एक उपयोग आहे. चार वर्षांनी नवी आकारणी यादी होते, बाहेरची एजन्सी टॅब घेऊन घरं मोजते. गोठ्याला दुकान लावते, पडक्या खोलीला आरसीसी म्हणते, एकाच भावकीतली दोन घरं एका नावावर चढवते. हरकतीला मुदत असते, पण नोटीस घरात ज्याच्या हाती पडली त्याने ती देवळीत ठेवलेली असते. यादी प्रभागसभेत घरानुसार वाचली तर निम्म्या चुका जागच्या जागी सुटतील. आणि ज्या तीन मजली घराला एक मजल्याची पट्टी लागली आहे, तेही सगळ्यांना ऐकू येईल. त्यामुळेच कदाचित ही वाचणी कुणाला नको असते.

कायदा बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. कुठल्याही नगरपंचायतीने ठराव करून प्रभागसभा सुरू कराव्यात. दाखल्याची अट निविदेच्याच अटी-शर्तींत घातली तर ती ठेकेदारावर बंधनकारक होते. असा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे नगरपरिषद-नगरपंचायत अधिनियमाच्या कलम 308 खाली तहकुबीसाठी, म्हणजे अंमल थांबवण्यासाठी, नेणारा कुणीतरी निघेल, तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी ठरावात कामांचा दर्जा आणि निधीचा योग्य विनियोग हे कारण लिहिलेलं असावं. आणि ठराव होत नसेल तर नागरिकांच्या हाती आजही सोमवार आहे. 2018च्या शासन परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला मिळतात. माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस वाट पाहण्यापेक्षा सोमवारी जाऊन गल्लीचं अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका मागणं सोपं. मोजमाप पुस्तिका पाहताना तारीख आधी पाहावी. काँक्रिट ओतल्याची तारीख आणि खालच्या थराचं मोजमाप घेतल्याची तारीख एकच असेल, तर खालचा थर घातला कधी आणि मोजला कधी हे विचारायला जागा आहे. कामाचे तुकडेही इथेच सापडतात: एकाच गल्लीची ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत’ अशी तीन कामं, तिन्ही ई-निविदेच्या मर्यादेखाली, तिन्हींचा ठेकेदार एक.

मधल्या काळात तर यातलं काहीच शक्य नव्हतं. ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबत गेल्या आणि मुदत संपलेल्या गावांत प्रशासक बसले. एकच अधिकारी विषयपत्रिका काढणार, तोच सभा, तोच ठराव पारित करणार आणि तोच त्याची अंमलबजावणी करणार. इतिवृत्ताच्या वहीत ‘सर्वानुमते’ हा शब्द या काळातही लिहिलेला सापडला तर हसू नये, नमुना छापील असतो. डिसेंबर 2025मध्ये 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. नवे नगरसेवक आता पहिल्या अर्थसंकल्पाच्या आणि पहिल्या बिलांच्या टप्प्यात आहेत. प्रचारात प्रत्येकाने गल्लीत येऊन ‘तुमच्या अडचणी सांगा’ म्हटलं होतं. नळाला पाणी किती वाजता येतं ते वहीत टिपून नेलं होतं.

ती वही घेऊनच पहिली सभा लावता येईल. विषय तीन पुरेत: प्रभागातली मंजूर आणि चालू कामं, प्रत्येकाची रक्कम आणि ठेकेदार; पाणीपुरवठ्याचं गेल्या तीन महिन्यांचं वीजबिल आणि प्रभागाची पाणीपट्टी वसुली; येत्या वर्षात घ्यायच्या कामांचा क्रम. नोटीस सात दिवस आधी, किराणा दुकान, पिठाची गिरणी आणि बालवाडीच्या दारावर. ज्या प्रभागात पाच वाजता नळाला पाणी येतं तिथे वेळ संध्याकाळी सातची, नाहीतर बायका उठून जातात. फळा बालवाडीचा, टेप गवंड्याचा, माइक लागणार नाही.